पौलाचा काटा निघाला नव्हता

‘विश्वास भक्कम असेल तर देवाचं सामर्थ्य आजार टिकूच देत नाही’ हे विश्वासाने आजार बरे होण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. मग येशूचा प्रेषित पौल याचं काय? बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, १२व्या अध्यायात तो स्वतःच लिहितो, शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते कृपा पुरेशी असल्याचं, आणि सामर्थ्य अशक्तपणातच पूर्णतेस येतं असं. पौलाचा विश्वास कमी पडला, असं लेखक म्हणतील का?

आमच्या आत्याला शेवटच्या आजारात चर्चच्या मंडळीतलीच माणसं ‘प्रार्थना मनापासून कर’ सांगून जायची. दुखणं होतंच, वर अपराधीपणाचं ओझं! पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ साली, त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. निराधार स्त्रियांसाठीच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा भार जिने आईच्या बरोबरीने उचलला तिची श्रद्धा मोजायला आपण कोण? बरं होणं नाकारत नाही मी, त्यासाठी प्रार्थनाही करते. पण ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्यातून पुन्हा उठण्यावर उभी आहे, दवाखान्याच्या रिपोर्टवर नाही. एवढ्या मोठ्या लेखात पुनरुत्थानाचा उल्लेख एकदाही कसा नाही?