मुलाखत उद्या आहे ना? मग घाई कसली!

मुलाखत उद्या अकराला आणि आत्ता रात्रीचे नऊ, म्हणजे वेळच वेळ आहे. सुरुवात कपड्यांपासून करा. शर्टाला इस्त्री करून झाली की दुसराच शर्ट बरा वाटू लागतो. त्यात पाऊण तास सहज जातो आणि तयारी केल्याचं समाधानही मिळतं.

नोकरीची जाहिरात पुन्हा उघडू नका. बरेचसे प्रश्न त्यातल्या पहिल्या चार-पाच अपेक्षांवरच येतात, हे खरं. प्रत्येक अपेक्षेसमोर आपल्या कामातलं एकेक उदाहरण लिहायला अर्धा तास पुरतो, हेही खरं. पण मग उत्सुकता काय उरली? त्यापेक्षा हमखास येणाऱ्या ५० प्रश्नांचा एखादा व्हिडिओ लावा, दुप्पट वेगाने.

आपला रेझ्युमे तर चुकूनही वाचू नका. त्यात तुम्हीच लिहून ठेवलंय, 'रिपोर्टचा वेळ ४० टक्क्यांनी कमी केला.' समोरचा नेमका तिथेच पेन टेकवतो. आधी किती लागायचा? मोजला कसा? त्यात तुम्ही काय केलंत? 'आधी ५ तास लागायचे, कारण आकडे हाताने उतरवायचो; मी दोन्ही फायली सूत्राने जोडल्या, आता ३ तासांत होतो' असं एका दमात सांगितलंत, तर स्वारी निमूट पुढच्या प्रश्नाकडे वळेल. त्यात कसली मजा? 'आम्ही सगळ्यांनी मिळून बरीच सुधारणा केली' एवढंच म्हणा. त्या 'आम्ही'त तुम्ही कुठे होतात, ते शोधत बसू दे त्यांना.

'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की शाळेपासून सुरू करा. आत्ताचं काम, त्याआधीचं काम आणि इथे का यायचंय, एवढं दीड मिनिटात सांगून मोकळी होणारी माणसं अरसिक असतात. कमतरता विचारली, तर 'मी परफेक्शनिस्ट आहे'. हे त्यांनी आधी कुठे ऐकलंय!

ऑनलाइन असेल तर खिडकीकडे पाठ करून बसा. चेहरा काळवंडतो, घाबरलेला दिसत नाही. लिंक आदल्या रात्री तपासू नका. अ‍ॅपचं अपडेट आणि माइकची परवानगी ही प्रकरणं १०:५९ला निघाली की खरी रंगत येते. स्क्रीन शेअर करायची झाली तर अख्खी करा, बाकीच्या कंपन्यांना केलेले अर्जही दिसू देत.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' याला 'नाही' म्हणून उठा. पहिल्या तीन महिन्यांत या पदाकडून काय हवंय, आधीचा माणूस का गेला, हे काय, रुजू झाल्यावर कळेलच.