एकशे त्रेपन्न मासे आणि तुमची हरकत

नमस्कार. चार ओळींत उत्तर द्यावं म्हणून बसलो होतो, पण ते लांबत गेलं. म्हणून वेगळंच टाकतोय.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बायबलमधल्या आकड्यांवरच्या माझ्या लेखावर तुमच्या तीन हरकती आहेत. पहिली, हे सगळं ओढूनताणून आणलेलं आहे, आणि गाडीला ठरावीक नंबर मिळावा म्हणून जादा पैसे मोजणारे व मी एकाच माळेचे मणी आहोत. दुसरी, शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट आहेत असं मी लिहिलं, पण तुम्ही बोट ठेवून मोजलं तर शेवटचा गट तेरावरच थांबतो. तिसरी, योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्यांच्या जाळ्यात आलेल्या १५३ माशांत काहीही गूढ नाही. तुमच्या घरी मासेमारी आहे आणि जाळं किनाऱ्याला लागलं की वाटे घालायला मासे मोजतातच.

दुसरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी न मोजता लिहिलं होतं. अब्राहाम ते दावीद चौदा. शलमोन ते यखन्या चौदा. त्यापुढे येशूपर्यंत तेरा. यखन्याला दुसऱ्यांदा धरलं तरच चौदा होतात. चूक कबूल.

पण तुम्ही तेवढ्यावरच थांबलात. आता मधला गट जुन्या करारातल्या राजांच्या इतिहासाशी ताडून बघा. योरामनंतर मत्तय थेट उज्जीयावर उडी मारतो. मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तिघे राजे गायब. पुढे योशीया आणि यखन्या यांच्या मधला यहोयाकीमही नाही. म्हणजे सिंहासनावर बसलेली चार माणसं गाळली तेव्हा कुठे चौदा जमले. आणि एवढं करून १७व्या वचनात तो स्वतःच बजावून सांगतो की इथून तिथवर चौदा, तिथून पुढे चौदा, आणि पुन्हा चौदा. हा योगायोग नाही, ही मुद्दाम घातलेली घडी आहे. आकडा आधी ठरला आणि नावं त्यात बसवली.

चौदाच का? हिब्रूत अक्षरंच आकड्यांचं काम करत. दालेथ म्हणजे ४, वाव म्हणजे ६. दावीद हे नाव दालेथ-वाव-दालेथ असं लिहितात, बेरीज १४. मत्तयाचं लेखन आपल्याला मिळालं ते ग्रीकमध्ये, त्यामुळे ही बेरीज त्याच्या मनात होतीच असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तो पहिल्याच वाक्यात येशूला दावीदाचा पुत्र म्हणतो आणि लगेच तीनदा चौदा मोजून दाखवतो, एवढं तर डोळ्यांसमोर आहे.

‘मग हा खोटेपणा नाही का?’ असं तुम्ही विचाराल. लहानपणी मीही विचारलं होतं, ईस्टरआधीच्या उपवासकाळाबद्दल. चाळीस दिवसांचा म्हणतात, म्हणून राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा केल्या, तर भरले ४६. आजीकडे तक्रार घेऊन गेलो. ती कणिक मळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘रविवार धरायचे नसतात रे.’ तेव्हा मला ती लबाडी वाटली होती. आता वाटतं, चाळीस हा त्या दिवसांचा हिशेब नसून त्यांचं नाव आहे.

बायबलमध्ये चाळीस तसाच येतो. नोहाच्या वेळचा पाऊस चाळीस दिवस, मोशे सीनाय डोंगरावर चाळीस दिवस, एलीयाची होरेबपर्यंतची चाल चाळीस दिवस, नीनवेला दिलेली मुदत चाळीस दिवस, येशूचा रानातला उपास चाळीस दिवस. दरवेळी काहीतरी संपतं आणि दुसरं सुरू होण्याआधी माणसाचा कस लागतो. आपणही ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणतो तेव्हा सतराशे एकसष्टावी कुठे गेली असं कुणी विचारत नाही. ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ माणूस भेटला तर गावांची यादी मागत नाही. ऐकणाऱ्याला कळतं, आणि जुन्या इस्राएलातल्या ऐकणाऱ्यालाही कळत होतं.

बाराचं तर जास्तच गमतीचं आहे. इस्राएलचे वंश बारा. त्यांतल्या लेवीला जमिनीत वाटा नाही, तर योसेफाच्या वंशाचे एफ्राइम आणि मनश्शे असे दोन धरले आणि बारा कायम ठेवले. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात, दान हा वंशच यादीत नाही, पण गोत्रं मोजली तर बाराच. येशूच्या बारा शिष्यांपैकी यहूदा इस्कर्योत गेल्यावर बाकीच्यांनी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला घेतलं. (पुढे हेरोद राजाने त्या बारांतल्या याकोबाला मारलं तेव्हा मात्र त्याची जागा भरल्याचं कुठे येत नाही. हा मुद्दा माझ्या विरोधात जातो, तो तुमच्या हाती देऊन ठेवतो.)

आता पहिली हरकत, माळेच्या मण्यांची. माझी कसोटी साधी आहे. मजकूर स्वतः त्या आकड्याकडे बोट दाखवतो का? मार्कच्या आठव्या अध्यायात येशू शिष्यांना होडीत विचारतो, पाच हजारांना पाच भाकरी वाटल्या तेव्हा किती टोपल्या उरल्या? ते म्हणतात बारा. आणि चार हजारांना सात वाटल्या तेव्हा? सात. मग तो म्हणतो, तरी तुम्हाला अजून समजत नाही? भाकरींची गोष्ट सांगून झालेली असताना आकडे पुन्हा वदवून घेतो, तर मी त्यांच्याकडे लक्ष देणं ओढूनताणून कसं? प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या ६६६ या आकड्याचंही तेच. तिथे तर ‘ज्याला बुद्धी आहे त्याने हिशेब करावा’ असं आमंत्रणच आहे. ‘नेरोन केसर’, म्हणजे रोमन सम्राट नीरो, हिब्रू अक्षरांत लिहा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. नावाच्या शेवटचा ‘न’ काढून लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं तर ६१६, आणि काही जुन्या प्रतींत नेमका ६१६च आहे. एकच किल्ली दोन्ही कुलपांना लागते, म्हणून मला हा अर्थ पटतो. अर्थात दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती लेखकाला ६१६ माहीत होता, तो त्याने चूक म्हणून बाजूला सारला, आणि ६६६साठी त्याने सुचवलेल्या नावांत नीरो नाही.

नंबर विकत घेणारा आकड्याला आपलं नशीब विचारतो. मी सांगणाऱ्याला त्याचा हेतू विचारतोय.

याच कसोटीवर माझ्या लेखातला एक परिच्छेद पडतो. अब्राहामाने लढाईला नेलेल्या ३१८ माणसांत ‘बर्णबाचं पत्र’ या जुन्या ख्रिस्ती लेखनाने क्रूस आणि येशूचं नाव शोधलं, कारण ग्रीकमध्ये ३०० म्हणजे क्रुसासारखं दिसणारं ‘टी’ अक्षर आणि १८ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं. गोष्ट हिब्रूतली आणि आकडा फोडला ग्रीकमध्ये! ते मी कौतुकाने लिहिलं होतं, तसं लिहायला नको होतं.

राहिले मासे. जुन्या चर्चमधला विद्वान ऑगस्टिन याने दाखवलं की १ ते १७ची बेरीज १५३ येते, आणि १७ म्हणजे दहा आज्ञा अधिक आत्म्याची सात दानं. त्याच्याच काळातल्या जेरोम या बायबल-अभ्यासकाच्या मते जाणकारांनी माशांच्या १५३ जाती सांगितल्या होत्या. दोन्ही वाचायला सुंदर. पण योहान कुठेच ‘हिशेब करा’ म्हणत नाही. तो सांगतो की मासे मोठे होते, १५३ होते, तरी जाळं फाटलं नाही. जाळं न फाटण्यात त्याचा जीव आहे असं मला वाटतं, आणि आकडा तुम्ही म्हणता तसा वाट्यांसाठी मोजलेला असू शकतो. ‘गूढ’ हा शब्द लेखातून काढतो.

फक्त एक. तुमच्याकडे मोजणी वीस-वीसच्या कोडीने होते असं तुम्ही लिहिलंत. मी लगेच करून बघितलं. १५३ म्हणजे सात कोड्या आणि वर तेरा. सात तर आलाच, आणि मत्तयाच्या शेवटच्या गटातला तुमचा तेराही आला. आता बोला!