येळवस कधी असते?

स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात माझी अठरा वर्षे एडिंबरात गेली. तरी या विषयावरचा सर्वांत अवघड तास मी गेल्या हिवाळ्यात लातूरच्या एका सभागृहात काढला. व्याख्यान संपताच एक निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "हा तुमच्या तिकडचा आजार. आपल्याकडं नातवंडं अंगाखांद्यावर असतात." टाळ्या पडल्या.

एकटेपणाने धोका वाढतो, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण कमी शिक्षण आणि उपचाराविना राहिलेले बहिरेपणही धोका वाढवते, आणि या दोन्हींची आपल्याकडे वाण नाही. देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्कॉटलंडमध्ये निदानानंतर वर्षभर आधार देण्याचे सरकारी वचन २०१३ पासून आहे. ते सर्वांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, पण भांडायला कागद तरी असतो. आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो आणि वाद घालतो तो वृद्धाश्रमाचा व परदेशी गेलेल्या मुलाचा. सुनेला कोणी विचारत नाही.

तो परदेशी गेलेला मुलगा मीच. निलंग्यात आईचे सगळे वहिनीने केले. मी १९७५ सालची, जगभर वापरली जाणारी चाचणी घेऊन बसलो: आजची तारीख कोणती, या दोन पंचकोनांसारखी आकृती काढा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आईने पेन्सिल उलथन्यासारखी धरली. वहिनी म्हणाली, "भावजी, येळवस कधी असते ते विचारा." येळवस म्हणजे आमच्या भागातला, अमावास्येला शेतात साजरा होणारा सण. आईने अमावास्या सांगितली, आंबिलीचे प्रमाणही सांगितले. पुढच्या वर्षी तेही गेले, आणि ते गेल्याचे वहिनीला माझ्याआधी चार महिने कळले होते.

व्याख्यानात मी मेंदूची रंगीत चित्रे दाखवत बसलो, हे चुकलेच. हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात दोन भाषा बोलणाऱ्यांना लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि हा फरक निरक्षरांतही आढळला. घरात मराठी आणि बाजारात दखनी बोलत म्हाताऱ्या झालेल्या माणसांसमोर सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

यंदा गावच्या सप्ताहात बोलायचे ठरले आहे; आधी वहिनी बोलेल, मग मी. तिची अट एकच आहे: कार्यक्रम रात्रीची जेवणे आटोपल्यावर ठेवायचा, म्हणजे सुनांना येता येईल.