घरात एकच स्वयंपाक (आणि नखरे काय फक्त पोरांचेच असतात का?)

शाळेच्या गेटवर म्हणा, सोसायटीच्या ग्रुपवर म्हणा, दोन आया भेटल्या की विषय एकच, "आमचा काही म्हणजे काहीच खात नाही गं." आणि पुढचं ठरलेलं असतं, पोराला वेगळा पास्ता, सासऱ्यांना बिनतिखटाचं, नवऱ्याला झणझणीत, म्हणजे घरात माणसं पाच आणि ओट्यावर कढया चार. माझं स्पष्ट मत, हे बंद करा. घरात स्वयंपाक एकच व्हायला हवा. पण तो ठरवताना डोकं लावावं लागतं, नुसतं "केलंय ते गिळ मुकाट्यानं" म्हणून भागत नाही.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक साधी वाटणी मांडलीय. काय करायचं, किती वाजता जेवायचं आणि कुठे बसायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि त्यातलं काय खायचं, किती खायचं हे पोरांनी. मला हे पटलं कारण आपल्या ताटात याची सोय आधीपासूनच आहे. भाजी, आमटी, कोशिंबीर, चटणी, पोळी, भात. यातलं एक तरी आपलं पोरगं हमखास खातंच की! म्हणून आठवड्याचं ठरवताना मी एवढंच बघते, ज्या दिवशी दोडका किंवा पडवळ आहे त्या दिवशी सोबत साधं वरण-भात-तूप हवंच, कारल्याच्या दिवशी दही आणि गूळ-पोळी. मग त्याने दोडक्याकडे बघितलं नाही तरी उपाशी उठत नाही आणि मला पुन्हा गॅस पेटवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, फाटा फोडायचा तो फोडणीला. कुकर एकच, डाळ एकच, पोरांपुरतं साधं वरण काढून ठेवलं की उरलेल्याला लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी द्यायची. मटकी शनिवारी भिजवली, रात्री फडक्यात बांधली, रविवारी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात (थंडीत जरा जास्त वेळ लागतो). सोमवारी तिचीच मोकळी उसळ लिंबू पिळून पोरांच्या वाटीत आणि मोठ्यांना त्याच उसळीवर तिखट कट, फरसाण, कांदा. काम एकाच भाजीचं आणि झणझणीतवाल्यांचीही तक्रार नाही.

आता "पूर्वी सगळं खायचा, आता काय झालं कोण जाणे" हे जे आहे ना, त्यात बरंचसं साधं गणित आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, पण दोन ते पाच वर्षांच्या वयात ते वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूक कमी होणारच. त्यात साधारण दोन ते सहा या वयात नवीन दिसेल त्या पदार्थाला नाक मुरडणं अगदी कॉमन आहे, एकच भाजी आठ-दहा-पंधरा वेळा समोर आली की मग कुठे बरीच पोरं ती चाखून बघतात. आपण मात्र दोनदा ताटात पडून राहिली की जाहीर करतो, "त्याला मेथी आवडतच नाही." आमच्या धाकट्याने मूगडाळ घातलेली मेथी तोंडात धरून तशीच बेसिनमध्ये टाकली होती, पीठ पेरलेली मात्र पोळीत गुंडाळून खातो, का ते विचारू नका. लपवाछपवी मी करत नाही. थालीपिठात दुधी असेल तर दुधी आहे म्हणून सांगते, किसायलाही त्यालाच बसवते, अर्धा कीस खाली सांडतो तो भाग वेगळा.

आणि एक कटू सत्य. संध्याकाळी साडेसहाला बोर्नव्हिटा घातलेलं कपभर दूध, सोबत चार बिस्किटं, वर आजीने प्रेमाने दिलेला लाडू, आणि आठला आपण विचारतो, जेवत का नाही? भूकच नाहीये त्याला! दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध गेलं की लहान पोरांची जेवणाची जागा दुधानेच भरते आणि दुधात लोह नसल्यासारखंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली जवळपास ६९ मुलं ॲनिमिक निघाली. कारणं बरीच असतात, सगळं खापर दुधावर नाही फोडत मी, पण पालेभाजी, उसळ, त्यावर लिंबू, हे पोटात जायला आधी पोटात जागा तर पाहिजे ना.

(वजनच वाढत नसेल, चावताना गिळताना त्रास होत असेल, किंवा मोजक्या चार-पाच पदार्थांवरच गाडी अडली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कमेंटमध्ये विचारत बसू नका.)

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावरून घरी वाद होतो. नवऱ्याला वांगं चालत नाही म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं भरली वांगी होत नव्हती. त्याला म्हणायचं "आवड-निवड", आणि पाच वर्षांच्या पोराने भोपळा बाजूला सारला की तो "हट्टी"? हा कुठला न्याय? आता वांगं होतं, त्यालाही वाढलं जातं, खायचं की नाही ते त्याने ठरवावं, पोळी-चटणी आहेच ताटात. सासूबाईंना हे भलतंच आवडलंय, त्या मुद्दाम म्हणतात, "आज वांगीच कर."

शाळेच्या डब्याला मात्र हा नियम मी लावत नाही. छोटी सुट्टी एवढीशी, त्यात शेजारच्याच्या डब्यात फ्रँकी, तिथे पडवळाचे प्रयोग कशाला? डब्यात ते खातात तेच, तूप-साखर पोळी तर तूप-साखर पोळी, लेकीला रोज लागली तरी चालेल. नवीन काय ते रात्री, घरी, सगळे एकत्र बसलेले असताना आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. हो, नवऱ्याचासुद्धा.

तुमच्याकडे डब्यात न भिजणारं, गार झाल्यावरही चांगलं लागणारं काय चालतं ते सांगा, माझी यादी धिरडी आणि घारग्यांवर येऊन अडकलीय.