दगडी पाल्याने धनुर्वात टळत नाही

"टाके नकोत, टीटी नको, फक्त दगडी पाला!" असं ठळक अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. थोडक्यात त्यातले दावे असे: दगडी पाला (बांधावर उगवणारं तण, कंबरमोडी) ही चरकसंहितेतली संजीवनी आहे, पाला ठेचून लावला की रक्त थांबतं, कितीही खोल जखम असली तरी टाके लागत नाहीत, पाला उकळून बांधला तर धनुर्वाताची सुई घ्यायची गरज नाही, दहा पानांचा रस रोज उपाशीपोटी घेतला तर साखर मुळासकट जाते, शिवाय मुतखडा, यकृत, केस. हा 'भारताचा यारो' आहे, अमेरिकेत सोन्याच्या भावाने विकला जातो, म्हणून आजच कुंडीत लावा आणि अकरा जणांना पाठवा.

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण हा माझ्या मामांनी नुसता वाचला नाही, अमलात आणला. मामा सहासष्ट वर्षांचे, बारा वर्षांची साखर. ऊस तुटून गेलेल्या रानात उसाचं खोडकं चप्पल फाडून तळपायात घुसलं. मामींनी फोटो पाठवला तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. फोटोत जखम दिसतच नव्हती. वाळून काळपट हिरवा झालेला लगदा, त्यात पानांचे दातेरी तुकडे, मातीचे खडे आणि कडेने सुजलेली, चकाकणारी कातडी. फोन केला तर मामा म्हणाले, "अगं, पाला लावलाय की. ठणका बी नाही. आता कशाला सुई?"

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण या मेसेजमधल्या चुका ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही.

आधी चरक. दगडी पाला, म्हणजेच कंबरमोडी किंवा एकदांडी, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, मेक्सिको आणि त्याच्या खालच्या पट्ट्यातली वनस्पती. मिरची, बटाटा, पेरू आले त्याच खंडातून हीही आपल्याकडे आली आणि तण म्हणून पसरली. कोलंबसाच्या आधी जी इथे नव्हतीच ती चरकाने कुठे पाहिली? मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा माका आणि दगडी पाला यांची खिचडी केलीय. माका म्हणजे भृंगराज, तो ग्रंथांत आहे. त्याचं फूल पांढरं, बारीक, पानांच्या बगलेत येणारं, आणि तो ओलाव्याला वाढतो. दगडी पाल्याचं फूल वीतभर उंच, केसाळ, बिनपानांच्या दांड्यावर एकटंच उभं असतं. मधे पिवळी चकती, भोवती पाचसहा फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. एकदा नीट पाहिलं की आयुष्यात चूक होणार नाही. पण पाहायचं कुणाला?

आता रक्त थांबण्याचा मुद्दा. इथे मला थोडं मागे सरावं लागतं, नाइलाजाने. खरचटलं की हा पाला चोळून त्याचा रस पिळायचा हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आधी चरचरतं, मग रक्त थांबतं. तमिळमध्ये तर याला वेट्टुकाय पूंडू म्हणजे घावाची वनस्पती म्हणतात, तेव्हा हा अनुभव काही आपल्याच गावापुरता नाही. अभ्यासही झालाय. १९८२ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये भारतीय संशोधकांनी जखम भरण्यावर या पाल्याचा परिणाम तपासला होता, आणि त्यानंतरही असे प्रयोग झाले. काही निकाल आशादायक होते. पण ते प्रयोग उंदरांवरचे आहेत. प्रयोगशाळेत, स्वच्छ पात्याने, मोजून केलेल्या जखमा त्या. शेणखत पडलेल्या रानात पायात घुसलेलं खोडकं त्या प्रयोगात नव्हतं.

शिवाय पाला लावताना आपण काय करतो? अंगठ्याने घट्ट दाबून धरतो. किरकोळ जखमेवर स्वच्छ फडकं दहा मिनिटं न उचलता दाबून धरलं तरी रक्त थांबतं. श्रेय पाल्याचं की अंगठ्याचं हे घरबसल्या सांगता येत नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दोघांचाही भरवसा धरू नका.

'भारताचा यारो' हे बिरुद कुणी चिकटवलं कोण जाणे, पण चिकटवलंच आहे तर यारोचं नीट बघू. यारो ही युरोपातली प्रसिद्ध वनौषधी, आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात डोंगरउतारांवर उगवते. दगडी पाल्याच्याच कुळातली, म्हणजे सूर्यफूल-शेवंतीच्या. ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉयच्या युद्धात अकिलीस या वीराने सैनिकांच्या जखमांना ती लावली अशी कथा आहे, म्हणून तिचं शास्त्रीय नाव अकिलिया. एवढा मोठा वारसा असूनही युरोपियन मेडिसिन्स एजन्सीची वनौषधी समिती तिच्याबद्दल काय म्हणते? भूक मंदावणं, पोटातले किरकोळ मुरडे, पाळीच्या वेळचे किरकोळ पेटके आणि त्वचेवरच्या लहान, वरवरच्या जखमा. बस. तेही 'पारंपरिक वापर' या वर्गात, म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापराच्या आधारावर, माणसांवरच्या भक्कम चाचण्यांच्या नव्हे. बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, या कुळाची ॲलर्जी असेल तर लांब राहा, असंही सांगितलंय. अकिलीसच्या झाडाला जिथे 'लहान, वरवरच्या' जखमांवर थांबवलंय, तिथे बांधावरच्या तणाने खोल घाव भरायचे!

आणि मी ज्यासाठी लिहायला बसले तो मुद्दा: "पाला उकळून बांधा, टीटी नको."

धनुर्वात करणारा जिवाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात बीजाणूंच्या रूपात, म्हणजे कवचबंद निद्रिस्त अवस्थेत असतो. हे बीजाणू कमालीचे चिवट. घरच्या पातेल्यात पाला उकळला म्हणून ते मरत नाहीत. त्यांचा नायनाट करायला रुग्णालयात दाबाखालची वाफ वापरतात, १२१ अंशांची. चुलीवरचं पाणी शंभराच्या पुढे जात नाही. म्हणजे 'निर्जंतुक पाला' हा शब्दच्या शब्द थाप आहे. आणि हा पाला उगवतो कुठे? मातीला लगटून, उकिरड्याच्या कडेने, गोठ्यामागे. धनुर्वाताचे बीजाणू जिथे सर्वांत जास्त भेटतात तिथूनच तो खुडायचा आणि उघड्या जखमेत भरायचा, असा हा सल्ला.

पुढे तर आणखी वाईट. हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो. वर तोंड बारीक आणि आत खोल अशी टोचलेली जखम त्याला सर्वांत सोयीची, विशेषतः आत मेलेलं मांस किंवा कचरा असेल तर. त्यावर लगदा थापून चिंधी बांधली की वरून बूच बसलं. मामांच्या पायात नेमकं हेच झालं होतं. आरोग्य केंद्रात नेल्यावर सिस्टरांनी सलाईनने धुऊन धुऊन तो पाला काढला, तेव्हा आत उसाची एक काडी निघाली. पाला तसाच राहिला असता तर ती काडी दिसलीच नसती. टाके घालायचे की नाही, हे ठरवायलाही आधी जखमेचा तळ दिसावा लागतो. विळ्याने बोट वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटली असेल, बोट वाकत नसेल, तर वरची कातडी पाल्याने जुळली काय अन् न जुळली काय, बोट कामातून गेलंच.

"आमच्या आजोबांनी कधी सुई घेतली नाही, पाल्याने बरे झाले," असं व्हॉट्सॲपच्या गटात कुणीतरी लिहिलंच. जखम भरणं आणि धनुर्वात टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते एकवीस दिवस जातात. तोवर वरून जखम कोरडी पडलेली असू शकते, आणि मग एके दिवशी जबडा उघडत नाही. दातखीळ, मानेचा ताठा, गिळताना त्रास, मग आवाजाने किंवा उजेडानेही सगळं अंग धनुष्यासारखं आखडतं. ज्यांच्या जखमेत बीजाणू गेलेच नाहीत ते आजोबा पाल्याचं कौतुक करायला उरले. ज्यांच्या जखमेत गेले त्यांचे नातू आज गटात नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली धनुर्वाताच्या लशीवर आपली सविस्तर भूमिका प्रसिद्ध केली. मराठीत कुणी ती फॉरवर्ड करत नाही म्हणून तिच्यातल्या तीन गोष्टी सांगते. एक, रुग्णालय आणि अतिदक्षता विभाग मिळाला नाही तर लहान बाळं आणि म्हातारी माणसं यांच्यातले जवळजवळ सगळे दगावतात. उत्तम उपचार मिळूनही शंभरातले दहा ते वीस जातात. दोन, हा आजार एकदा होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, कारण जीव घ्यायला या जिवाणूचं विष इतकं कमी लागतं की शरीराला ते ओळखायलाही वेळ मिळत नाही. तेव्हा 'अंगातली ताकद वाढवणारा पाला' इथे काही कामाचा नाही. तीन, हा माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे गावाने लस घेतली म्हणून तुम्ही वाचत नाही. ज्याची त्याने घ्यायची.

यात आपल्याकडची एक गोम आहे. भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ साली मान्य झालं. त्यामुळे लोकांना वाटतं धनुर्वात संपला. तो संपलेला नाही, कारण माती आहे तिथेच आहे. बायकांना निदान गरोदरपणात सुया मिळाल्या. पण देशातला लसीकरणाचा कार्यक्रमच १९७८ सालचा. त्याआधी जन्मलेल्या, आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या शेतकरी पुरुषांपैकी कित्येकांचा लशीचा मूळ कोर्स कधी झालेलाच नाही. अशा माणसाला घाणेरडी जखम झाली तर नुसती एक सुईही पुरत नाही. लशीसोबत तयार प्रतिपिंडांचं (विषाला निकामी करणाऱ्या प्रथिनांचं) इंजेक्शन लागतं, आणि नंतर लशीचे उरलेले डोस: महिन्याने एक, त्यानंतर सहा महिने ते वर्षाने एक. कोर्स पूर्ण झालेल्याला किरकोळ स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या डोसला दहा वर्षं उलटली असतील तरच सुई लागते, मातीच्या किंवा खोल जखमेसाठी पाच. टीटीच्या जागी आता टीडी आलीय, म्हणजे त्यात घटसर्पाची लसही असते. सरकारी आरोग्य केंद्रात मिळते. उशीर झाला असला तरी जा, 'चोवीस तास उलटले, आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नका.

मामांचा "ठणका नाही" हाही पाल्याचा प्रताप नव्हे. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. दुखायला हवं तिथे दुखत नाही, हीच तर भीती. मधुमेही माणसाच्या पायाला साधी चीर पडली तरी ती डॉक्टरला दाखवायची, घरचा कोणताही प्रयोग करायचा नाही, मग तो पाला असो, हळद असो की चुना.

साखर मुळासकट जाण्याबद्दल फार लिहीत नाही. उंदरांना रसायन टोचून मधुमेह करायचा, मग अर्क पाजून साखर मोजायची, असे अभ्यास शेकडो वनस्पतींवर झालेत. त्यातून गोळी बंद करावी असं काही निघत नाही. मुतखडा, यकृत, केस हे तीन शब्द प्रत्येक वनौषधीच्या मेसेजला शेपटासारखे लागतात. केसांना पाल्याचं तेल लावायचं तर लावा, निदान त्यात कुणाचा पाय जात नाही.

पण लावण्याआधी एक. गाजरगवताने ज्यांच्या अंगावर पुरळ उठतं, ज्यांची पापणी आणि मान खाजून लाल होते, त्यांनी हा पाला अंगाला लावूच नये. गाजरगवतही याच कुळातलं. त्याची ॲलर्जी असलेल्यांना शेवंती-सूर्यफुलाच्या गोतावळ्यातल्या इतर झाडांचाही त्रास होऊ शकतो. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदल्या गेलेल्या त्या गवताने महाराष्ट्रात किती जणांच्या कातडीची वाट लावलीय हे कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा.

आणि तो पाला रस काढून प्यायला बांधावरून खुडणार असाल, तर त्या बांधावर गेल्या आठवड्यात तणनाशक मारलं होतं का हेही विचारा. तण आहे म्हणूनच मारतात ते, आणि फवारल्यावर पान लगेच पिवळं पडत नाही. रस्त्याकडेच्या पाल्यावर काय काय पडलेलं असतं ते सांगायला नको. म्हणून कुंडीत लावा म्हणता? लावायची गरजच नाही. बियांना कापसासारखा झुपका असतो, वाऱ्यावर येऊन तो आपोआप उगवतो आणि मग तुमच्या तुळशीच्या, गुलाबाच्या, कोरफडीच्या कुंडीतून उपटत बसा.

राहता राहिला अमेरिकेतला सोन्याचा भाव. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्सला घातक तणांच्या यादीत टाकलंय. परवान्याशिवाय तिथे त्याचं बीसुद्धा नेता येत नाही.