स्वागतवर्गात किती दिवस बसवायचं?

2015 मध्ये सीरिया-अफगाणिस्तानातून, 2022 मध्ये युक्रेनमधून हजारो शाळकरी मुलं बर्लिनला आली. जर्मन येत नसेल तर इथे आधी 'विलकोमेन्सक्लास'मध्ये, म्हणजे जर्मन शिकण्यासाठीच्या वेगळ्या स्वागतवर्गात घालतात. हेतू चांगलाच आहे. पण मोठ्या मुलांना तिथे फार काळ ठेवणं हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

सहा वर्षांचं पोर खेळता खेळता भाषा उचलतं. पंधरा वर्षांच्या मुलीचं तसं नसतं. युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये ती वर्गसमीकरणं सोडवत होती. इथे फळांची नि रंगांची नावं पाठ करतेय. हुशारी तीच आहे, फक्त ती दाखवायला शब्द नाहीत. या वयात हे फार लागतं हो! त्यात दहावीची परीक्षा तोंडावर. पुढे आबिटूर, म्हणजे इथली बारावी, करता येईल का, हे बरंचसं त्या परीक्षेवरच ठरतं. स्वागतवर्गात गेलेलं वर्ष भरून कोण देणार?

शिवाय घरचं असतंच. आईबरोबर सरकारी कचेरीत दुभाषी म्हणून जायचं, त्यासाठी शाळा बुडवायची. युक्रेनची कितीतरी मुलं सकाळी जर्मन शाळा आणि दुपारनंतर तिकडची ऑनलाइन शाळा, अशा दोन्ही करत होती. परत जायचं की राहायचं, हे आईबापांनाच ठाऊक नव्हतं.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या शाळा पोलिशमध्येच चालत. ते योग्यच होतं, कारण ती छावणी तात्पुरती होती. बर्लिनमधल्या बहुतेक सीरियन मुलांना मात्र इथेच मोठं व्हायचंय. तरी तेगेलच्या जुन्या विमानतळावरच्या निर्वासित केंद्रात 2024 मध्ये शाळाच आत काढली. तिथल्या मुलांना जर्मन बोलणारा मित्र भेटणार कुठे होता?

जर्मनचे तास वेगळे घ्या, रोज घ्या. पण गणित, खेळ, संगीत, प्रयोगशाळा पहिल्या आठवड्यापासून बरोबरीच्या मुलांसोबत. शिक्षक कमी आहेत हे खरं, पण गणिताच्या वर्गात एक बाक वाढवायला नवा शिक्षक लागत नाही.

इथल्या मराठी पालकांना कळकळीची विनंती: तुमच्या मुलांच्या शाळेत स्वागतवर्ग असेल, तर पुढच्या पालकसभेत विचारा की त्यातली मुलं गणिताला आमच्या मुलांबरोबर कधी बसणार. तारीख मागा.