बेडखालचा ‘हायड्रॉलिक’ आणि बाइकचा शॉकअप एकच?

घराचं फर्निचर करून घेणाऱ्यांमध्ये हा सल्ला जोरात फिरतोय: ‘डिकीचा पंप, बेडचा हायड्रॉलिक, बाइकचा शॉकअप, आत सगळं एकच. झाकण धाडकन पडतं? जास्त न्यूटनचा पंप लावा, सावकाश बंद होईल. ढिला पडला तर गॅस भरून घ्या.’

‘आत सगळं एकच’ हे आधी पाहू. सुतार ज्याला हायड्रॉलिक म्हणतात त्याच्या पोटात असतो दाबलेला नायट्रोजन, तेल नावापुरतं. ही गॅस स्प्रिंग. झाकण स्थिर असतानाही ती ढकलत असते. बाइकच्या शॉकअपमध्ये मात्र डँपर असतो: त्यात तेल बारीक भोकांतून जातं आणि हालचालीला अडवतं. हालचाल थांबली की त्याचा जोरही संपला. म्हणून बाइकच्या शॉकअपमधलं तेल गळालं तरी गाडी खाली बसत नाही. वजन बाहेरची स्प्रिंग पेलते, गाडी फक्त खड्ड्यानंतर झुलत राहते. डिकीची गॅस स्प्रिंग गेली तर दार थेट डोक्यात. (‘गॅस शॉकअप’ या नावाने गोंधळ वाढतो, पण त्यातला गॅस मुख्यतः तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो.)

आता न्यूटन, म्हणजे स्प्रिंगवर छापलेला जोराचा आकडा. 6 किलोचं, 60 सेंमी खोल झाकण घ्या. वजनाचा मध्य बिजागरीपासून 30 सेंमीवर, म्हणजे झाकण आडवं असताना त्याचा पीळ (बिजागरीभोवती फिरवणारा जोर) साधारण 18 न्यूटन-मीटर. स्प्रिंगच्या जोराची रेषा बिजागरीपासून 10 सेंमीवरून जात असेल, तर 90-90 न्यूटनच्या दोन स्प्रिंगांनी तोल साधतो. सल्ला ऐकून 200-200 च्या लावल्या, की झाकण बंदच राहणार नाही. कडेला जवळपास 4 किलोच्या वजनाइतका दाब द्यावा लागेल, आणि हात काढला की ते उसळेल. सावकाशपणा यातून येत नाही. तो हवा असेल तर स्प्रिंग तोलापुरती ठेवा आणि वेगासाठी डँपर किंवा सॉफ्ट-क्लोज बिजागरी लावा. दाराच्या क्लोजरमध्ये हेच दोन्ही एकत्र असतं: दार ओढते स्प्रिंग, वेग ठरवतं तेल. छापील आकड्यापेक्षा ते 10 सेंमी जास्त महत्त्वाचे, हे मला बऱ्याच दुकानांत समजावून सांगावं लागलंय.

एक गोष्ट मान्य करायला हवी. गॅस स्प्रिंग उघडताना शेवटी हळू होते, ते आतल्या थोड्या तेलामुळेच. म्हणून झाकण बंद असताना स्प्रिंगचा दांडा खाली राहील अशी ती बसवतात. तेल सीलपाशी राहतं. पण मिटताना हा आधार बहुधा नगण्य असतो.

तापमानही लक्षात घ्या. नागपुरात जानेवारीच्या पहाटे 10 अंश, मेमध्ये 45. तेवढ्यात स्प्रिंगचा जोर सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो. थंडीत झाकण जड वाटलं म्हणून लगेच नवी आणू नका.

राहिलं गॅस भरणं. इथे मात्र हसून सोडून देता येत नाही. 8 मिमी दांड्याच्या 500 न्यूटन स्प्रिंगमध्ये दाब सुमारे 100 बार असतो, कारच्या टायरच्या चाळीसपट. बहुतेक घरगुती स्प्रिंगा कायमच्या बंद केलेल्या असतात, आणि पूर्ण उघडलेल्या असल्या तरी आत दाब असतोच. भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, भंगारात दिली तर आत दाब आहे हे सांगून द्या. नवी घेताना जोडीच बदला. एक जुनी, एक नवी लावली तर झाकण पिळवटतं आणि बिजागरीचे स्क्रू उपटतात.